पाषाणावरची कला : प्रकाशपट्ट्यांची मोजणी आणि आपली शिल्पसमीक्षा

मराठीत मंदिरशिल्पावर लिहिताना आपल्या हाताशी ठरावीक विशेषणे असतात. सुरसुंदरी 'कमनीय' असते, नृत्यगणेश 'लयबद्ध' असतो, द्वारपाल 'भारदस्त' असतो आणि एकूण मंदिर 'शिल्पसमृद्ध' असते. नांदेड जिल्ह्यातील होट्टलच्या सिद्धेश्वर मंदिराविषयी लिहिलेला मजकूर उचलून लातूर जिल्ह्यातील निलंग्याच्या नीलकंठेश्वराखाली छापला, तर किती वाचकांना फरक कळेल? दोन्ही मंदिरे चालुक्य परंपरेतली, दोन्हींच्या बाह्यभिंतीवर सुरसुंदरी, दोन्हींचा दगड काळा. पण ती दोन वेगळी मंदिरे आहेत. त्यांच्यावर वेगळे हात फिरले असणार, आणि तो वेगळेपणा शब्दांत आणणे हेच समीक्षेचे काम आहे. विशेषणांनी ते साधलेले नाही. मोजमापाने ते साधेल का, आणि साधायचे तर कोणत्या अटींवर, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

प्रश्न आज विचारण्याचे कारण आहे. दगडाला हात न लावता, फक्त प्रकाश टाकून त्याचा त्रिमितीय आकार मिलिमीटरच्या अंशापर्यंत मोजण्याचे तंत्र आता प्रयोगशाळेपुरते राहिलेले नाही. प्रोजेक्टर, कॅमेरा आणि एक बऱ्यापैकी संगणक एवढ्या सामग्रीवर ते चालते. अशा मोजणीतून उभ्या राहिलेल्या प्रतिकृती पडद्यावर फिरताना दिसतात आणि त्यांच्याखाली 'अचूक' हा शब्द लिहिलेला असतो. 'कमनीय' या शब्दाबद्दल आपण जितके बेफिकीर होतो, तितकेच 'अचूक' या शब्दाबद्दलही राहिलो, तर एका विशेषणाच्या जागी दुसरे आले, एवढेच होईल.

पट्टा वाकतो म्हणजे काय होते

तंत्राचे मूळ सोपे आहे. संध्याकाळी खिडकीच्या गजांची सावली सपाट भिंतीवर सरळ पडते आणि तीच सावली रांजणावर पडली की वाकते. ती किती वाकली यावरून रांजणाचा फुगवटा सांगता येतो. मात्र पाहणाऱ्याचा डोळा प्रकाशाच्या दिशेपासून बाजूला हवा. प्रकाश येतो त्याच रेषेवरून पाहिले तर सावली सरळच दिसते. प्रोजेक्टर गजांचे काम करतो, कॅमेरा डोळ्याचे. दोघांमधले अंतर आणि त्यांचे कोन माहीत असले की उरते ती शाळेतली त्रिकोणमिती.

अडचण एवढीच की पडद्यावर दिसणारा हा पट्टा प्रोजेक्टरने सोडलेल्या शेकडो पट्ट्यांपैकी कितवा, हे कॅमेऱ्याला कळले पाहिजे. त्यासाठी पट्ट्यांना क्रमांक द्यावे लागतात. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची दहा चित्रे एकामागून एक टाकली, तर प्रत्येक बिंदूला उजेड-अंधार यांचा दहा अक्षरी संकेत मिळतो आणि १०२४ पट्टे वेगळे ओळखता येतात. हा संकेत कसा रचायचा याची एक युक्ती बेल प्रयोगशाळेतील फ्रँक ग्रे यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांना तिचे पेटंट १९५३ मध्ये मिळाले. शेजारच्या दोन संकेतांत एकाच अक्षराचा फरक ठेवायचा. त्यामुळे सीमेवर कॅमेरा गोंधळला तरी चूक एका पट्ट्यापुरती राहते. बाराव्या पट्ट्याच्या जागी पाचशेवा वाचला जात नाही. चूक होणारच हे गृहीत धरून तिला आधीच कुंपण घालणारी ही वृत्ती या सगळ्या शास्त्राचा गाभा आहे, आणि समीक्षेने घ्यायचा धडाही तोच आहे. पण त्याकडे नंतर येऊ.

पट्ट्याच्या रुंदीपेक्षा बारीक मोजायचे असेल तर काळ्यापांढऱ्याऐवजी लाटेसारखे हळूहळू उजळत-मंदावत जाणारे पट्टे टाकतात. इथे मराठी परिभाषेची एक गंमत आहे. लाटेवरच्या बिंदूची अवस्था सांगणाऱ्या राशीला, इंग्रजीत जिला फेज म्हणतात तिला, आपल्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत 'कला' म्हणतात. चंद्राच्या कला म्हणतो त्याच अर्थाने. म्हणजे दगडावर पडलेल्या प्रकाशाची कला मोजली की दगडातली कला हाती येते. श्लेष ओढून आणलेला नाही, परिभाषेतच आहे.

ही कला मोजण्याची चार चित्रांची पद्धत फार देखणी आहे. तीच लाट चार वेळा टाकायची, दर वेळी पाव लाटेने सरकवून. प्रत्येक बिंदूची चार तेज-वाचने मिळतात. पहिल्यातून तिसरे वजा करायचे, चौथ्यातून दुसरे. वजाबाकीत आजूबाजूचा उजेड निघून जातो, कारण तो चारही वाचनांत सारखाच मिसळलेला असतो. मग या दोन वजाबाक्यांचा भागाकार करायचा. भागाकारात दगडाचा काळेपणा-गोरेपणा निघून जातो, कारण तो वर-खाली दोन्हीकडे सारखाच गुणलेला असतो. उरते ती फक्त कला, म्हणजे फक्त आकार. गाभाऱ्यातली समई आणि दगडाचा रंग दोन्ही बाजूला सारून घडण तेवढी वेगळी काढणारी ही वजाबाकी-भागाकाराची जोडी पाहिली, की छायाचित्रावरून शिल्पाविषयी लिहिणारे आपण किती गोष्टी एकत्र कालवत होतो ते ध्यानात येते. बाजूने येणारा उजेड पाहून 'खोल कोरीवकाम' लिहायचे आणि समोरून टाकलेल्या फ्लॅशखाली 'उथळ' लिहायचे, असे कितीदा झाले असेल!

कलेची एक मर्यादा आहे. लाट संपली की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. घड्याळाच्या मिनिटकाट्यासारखे हे आहे : वीस मिनिटे झाली ते कळते, पण किती वाजून वीस ते कळत नाही. त्यासाठी तासकाटा लागतो. तो ग्रे संकेताचा असेल किंवा जास्त रुंद लाटांचा. दोन्ही काटे जुळले नाहीत तर बिंदू एक अख्खी लाट पुढे वा मागे फेकला जातो, आणि मूर्तीच्या गालावर अचानक खड्डा किंवा सुळका दिसतो. असा दोष दिसतो म्हणून तो बरा. न दिसणाऱ्या दोषांची गोष्ट वेगळी आहे.

मोंढ्यातला काटा

इथे दोन शब्दांची फोड करायला हवी. लातूर किंवा नांदेडच्या मोंढ्यात तुरीचे तेच पोते एखाद्या काट्यावर दहा वेळा ठेवले आणि दहाही वेळा तेच वजन आले, तर काटा सुसंगत आहे. पण तो दर वेळी पाव किलो कमीच दाखवत असेल तर तो अचूक नाही. शेतकऱ्याला हा भेद शिकवावा लागत नाही. त्याचे नुकसान सुसंगत काट्यानेच होते, कारण लहरी काट्यावर निदान शंका येते. त्रिमितीय मोजणीच्या जाहिरातींत जो बारीक आकडा असतो तो बहुधा सुसंगतीचा किंवा बिंदूंच्या दाटीचा असतो. दाट बिंदू म्हणजे खरे बिंदू नव्हेत.

सुसंगती वाढवणे तुलनेने सोपे आहे. कॅमेऱ्यातली खरखर कमी करायची तर जास्त चित्रे घ्यायची. चौपट चित्रांनी ती निम्मी होते. अर्धा मीटर रुंदीच्या भागावर पन्नास लाटा टाकल्या तर एक लाट एक सेंटीमीटरची. तिचा शंभरावा भाग ओळखता आला तर आडवी चूक ०.१ मिलिमीटर, प्रोजेक्टर आणि कॅमेऱ्यात तीस अंशांचा कोन असेल तर खोलीतली चूक सुमारे ०.१७ मिलिमीटर. हा हिशेब कागदावर सुंदर दिसतो.

अचूकता बिघडते ती दुसऱ्याच वाटांनी. पहिली वाट प्रोजेक्टरची. घरगुती प्रोजेक्टर चित्र डोळ्याला बरे दिसावे म्हणून तेजाची वाटणी मुद्दाम वाकडी करतो. निम्मे तेज मागितले तर निम्मे देत नाही. त्याने लाट बिघडते आणि मोजलेल्या पृष्ठभागावर बारीक उर्मी उमटतात. सपाट भिंत मोजली तर ती पत्र्याच्या छपरासारखी निघते. तीन चित्रांच्या पद्धतीत दुपटीच्या वारंवारतेची उपलहर आत शिरते. चारच्या पद्धतीत ती रोखली जाते, पण तिपटीची शिरते. जास्त पायऱ्या घेणे किंवा प्रोजेक्टरचा वाकडेपणा आधी मोजून उलटा वाकडेपणा देणे, हे दोन उपाय रूढ आहेत. वस्त्राच्या चुण्या कोरलेल्या मूर्तीवर अशा उर्मी आल्या तर कोणती चुणी शिल्पकाराची आणि कोणती प्रोजेक्टरची, हे कोण सांगणार?

दुसरी वाट उष्णतेची. कॅमेरा आणि प्रोजेक्टर ज्या दांड्यावर बसवतात तो अॅल्युमिनियमचा असतो. एक मीटर अॅल्युमिनियम एका अंशाला सुमारे २३ मायक्रॉन वाढते. वातानुकूलित खोलीत यंत्र जुळवून ते मे महिन्यात देगलूरला नेले आणि तापमान वीस अंशांनी वाढले, तर दांडा अर्ध्या मिलिमीटरच्या जवळपास लांबतो. ज्या त्रिकोणावर सगळे गणित उभे, त्याचा पायाच सरकला. म्हणून यंत्र जागेवर, कामाच्या वेळीच जुळवायचे, आणि काम संपल्यावर पुन्हा तपासायचे. जर्मनीत अशा यंत्रांच्या तपासणीसाठी व्हीडीआय-व्हीडीई २६३४ ही मार्गदर्शिका आहे. ज्ञात व्यासाचे गोळे, त्यांच्यातले ज्ञात अंतर आणि ज्ञात सपाट पृष्ठ मोजून दाखवा, मग बोला, असे तिचे थोडक्यात म्हणणे. मोंढ्यात प्रमाणित वजन ठेवून काटा तपासतात, तसेच हे.

तिसरी वाट उन्हाची. ३००० ल्युमेनचा प्रोजेक्टर एक चौरस मीटरवर रोखला तर ३००० लक्स मिळतात; भर दुपारचे ऊन लाखाच्या घरात असते. वजाबाकीने बाहेरचा उजेड निघतो खरा, पण कॅमेऱ्याचे भांडे उन्हानेच भरून गेले तर लाटेला जागा उरत नाही. होट्टलच्या बाह्यभिंतीवरचे काम रात्रीच करावे लागेल.

दगड, तेल आणि शेंदूर

या शास्त्रातली उदाहरणे बहुतेक प्लास्टरच्या पुतळ्यांवरची आहेत. प्लास्टर पांढरे, मंद, प्रकाशाला सालस. आपल्याकडचे बेसाल्ट काळे आहे. पडलेल्या प्रकाशाचा थोडाच भाग परत देते. शिवाय पूजेतल्या मूर्तीवर तेलातुपाचे हात फिरून ती चकाकते. म्हणजे एकाच मूर्तीवर एक बिंदू काळोखात बुडालेला आणि शेजारचा डोळे दिपवणारा. उद्योगात यावर पांढरी भुकटी फवारतात. पुरातन किंवा पुजल्या जाणाऱ्या मूर्तीवर ते करता येणार नाही आणि करूही नये. मग कमी-जास्त उघडझापीची अनेक चित्रे घेऊन प्रत्येक बिंदूसाठी योग्य ते निवडणे, किंवा ध्रुवण गाळण्या लावून चकाकी अडवणे, हे धीराचे मार्ग उरतात.

कोनाड्यांचा प्रश्न वेगळा आहे. देवकोष्ठात टाकलेला प्रकाश एका भिंतीवरून उडून दुसरीवर पडतो. कॅमेऱ्याला तिथे दोन पट्ट्यांची बेरीज दिसते आणि कोपरा गोलसर मोजला जातो. काळ्या दगडात ही उडी कमी, पण चुन्याने रंगवलेल्या कोष्ठात फार. या प्रश्नावर २००६ मध्ये एक महत्त्वाचा शोधनिबंध आला. श्री नायर, गुरुनंदन कृष्णन, मायकेल ग्रॉसबर्ग आणि रमेश रासकर यांनी दाखवले की खूप बारीक नक्षीचा प्रकाश टाकून ती नक्षी थोडी थोडी सरकवली, तर थेट परतलेला प्रकाश आणि उड्या मारून आलेला प्रकाश वेगळे करता येतात. उड्यांचा प्रकाश नक्षी कुठे सरकली याची फारशी दखल घेत नाही. थेट प्रकाश घेतो. लाटा बारीक ठेवल्या की कोपरे वाचतात, हा त्यातून निघालेला व्यावहारिक नियम.

यातले रासकर नाशिकचे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून ते अमेरिकेत गेले आणि पुढे एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये प्राध्यापक झाले. १९९८ मध्ये ते ज्या शोधनिबंधाचे प्रमुख लेखक होते, त्यात डोळ्याला जाणवू न देता खोलीत नक्षीदार प्रकाश टाकून भिंती-टेबलांचा आकार मोजण्याची कल्पना मांडली होती. २००४ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह भिंगाभोवती चार फ्लॅश लावलेला कॅमेरा केला. प्रत्येक फ्लॅशने पडणारी सावली पाहून तो वस्तूच्या कडा ओळखतो आणि रेखाचित्र काढतो. मूर्तिशास्त्राच्या पुस्तकांत रेखाचित्राला छायाचित्राइतकेच महत्त्व का असते, याचे उत्तर या कॅमेऱ्यात आहे. रेखाटणारा माणूस उजेड, डाग, रंग सोडून देतो आणि कडा ठेवतो. तो वजाबाकीच करत असतो, फक्त आपण काय वजा केले ते लिहून ठेवत नाही.

यंत्र मात्र एक गोष्ट वजा करू शकत नाही : दगडावरचा थर. २०२२ मध्ये वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा शेंदराचा जाड थर उतरवला आणि खालची घडण दिसली, तेव्हा अनेकांना आपण इतकी वर्षे काय पाहत होतो असे वाटले. प्रकाशपट्टे शेंदराचा वरचा पृष्ठभाग मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत मोजतील, आणि ते मोजमाप अचूकही असेल. पण ते शेंदराचे असेल. कशाचे मोजमाप घेतले, हा प्रश्न कितपत बारीक घेतले याच्या आधीचा आहे. तो यंत्राला सुटत नाही. तिथे मूर्तिशास्त्र जाणणारा माणूस लागतो.

आठशे तीस मिलिमीटरची गोष्ट

परदेशातील दोन कामे इथे तपासून पाहण्यासारखी आहेत. स्टॅनफर्डचे मार्क लेव्हॉय आणि सहकाऱ्यांनी १९९८-९९ मध्ये फ्लॉरेन्सला मायकेलअँजेलोचा डेव्हिड लेसरच्या पट्ट्याने मोजला, पाव मिलिमीटरच्या दाटीने. काम सुरू करताना लक्षात आले की पुतळा पुस्तकांत दिलेल्या उंचीपेक्षा बराच उंच आहे. पुस्तके ४३४ सेंटीमीटर म्हणत होती; तो निघाला ५१७. जगातल्या बहुधा सर्वांत जास्त लिहिल्या गेलेल्या पुतळ्याची उंची कलेतिहासाची पुस्तके एकमेकांवरून उतरवून घेत राहिली आणि ८३ सेंटीमीटरचा फरक कोणाच्या लक्षात आला नाही. आपल्या गॅझेटियरमधून आणि स्मरणिकांतून एकमेकांत उतरलेल्या मापांबद्दल यावरून काय समजायचे ते समजावे. त्याच कामात दुसरीही गोष्ट निघाली. संगमरवर थोडे पारदर्शक असते. प्रकाश आत शिरून पसरून बाहेर येतो आणि मोजमापात दोष आणतो. लेव्हॉय यांनी ती अडचण लपवली नाही, लिहून प्रसिद्ध केली. त्या कामाचा दर्जा मला पाव मिलिमीटरपेक्षा या कबुलीत जास्त दिसतो.

दुसरे काम त्याच सुमाराचे, फ्लॉरेन्समधल्याच पिएताचे. मायकेलअँजेलोने उतारवयात कोरायला घेतलेली ही शिल्पकृती स्वतःच फोडली आणि नंतर तिबेरिओ काल्काग्नीने ती जोडून पुढे काम केले. कलेतिहासकार जॅक वॉसरमन यांना जाणून घ्यायचे होते की जोडलेले तुकडे काढले तर काय उरते. आयबीएमच्या संशोधकांनी पट्टेदार प्रकाश आणि सहा कॅमेरे वापरून तिचे प्रतिरूप केले आणि ते तुकडे पडद्यावर वेगळे काढून दाखवले. इथे समीक्षकाचा प्रश्न आधी होता, यंत्र नंतर आले. म्हणूनच ते काम केवळ प्रदर्शनापुरते उरले नाही.

आपल्याकडे 'डिजिटल हम्पी' या नावाने ओळखला जाणारा प्रकल्प केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या पुढाकाराने झाला. त्यावरचा ग्रंथ २०१७ मध्ये आला. त्यात भारतीय संस्थांनी भग्न शिल्पांचे तुटलेले भाग गणिताने भरून काढण्याचे प्रयत्नही केले. तांत्रिक दृष्ट्या ते कौतुकास्पद आहे. पण समीक्षेच्या दृष्टीने इथे थांबायला हवे. तुटलेले नाक आजूबाजूच्या शिल्पांवरून 'शिकून' भरले, तर ते नाक सरासरीचे असते, आणि शिल्पकाराचा हात ओळखायचा तो सरासरीपासून तो कुठे हटला यावरूनच. भरलेला भाग वेगळ्या रंगात दाखवला नाही, तर पुढचा अभ्यासक त्या सरासरीवरूनच शैली ठरवेल. भरणे हा गुन्हा नाही. भरलेले लपवणे हा आहे.

तीन कसोट्या, तीन गावे

आता हे सर्व आपल्या दोन जिल्ह्यांत आणून ठेवू. गो. बं. देगलूरकर यांच्या १९७४ च्या महाराष्ट्रातील मंदिरस्थापत्यावरच्या इंग्रजी ग्रंथासारख्या कामांनी आणि नी. पु. जोशी यांच्या 'भारतीय मूर्तिशास्त्रा'ने मूर्ती ओळखण्याची शिस्त आपल्याला दिली. आयुधे, वाहन, मुद्रा यांवरून नाव ठरवण्यात मराठी अभ्यास आता कुणाच्या मागे नाही. पण नाव ठरल्यानंतरचा प्रश्न, हे कोणी आणि कसे घडवले, तिथे आपण अजून विशेषणांवर आहोत. तीन ठिकाणी मोजणीचा उपयोग होऊ शकतो, आणि तिन्ही ठिकाणी तिच्या मर्यादा वेगळ्या आहेत.

पहिले होट्टल. इथल्या जीर्णोद्धाराच्या कामात अलीकडे एका शिवमंदिराचा पाया आणि चालुक्यकालीन दानलेख पुढे आले. या भागातले त्या काळचे अनेक लेख जुन्या कन्नडात आहेत. लेखाचा ठसा घ्यायची रूढ रीत म्हणजे ओला कागद दगडावर ठोकून शाई फिरवणे. तो ठसा म्हणजेही त्रिमितीचे मोजमापच, फक्त हाताने घेतलेले. अक्षर ताजे असताना मिलिमीटर-दोन मिलिमीटर खोल असते. झिजून काही दशांशावर आले की कागद ते पकडत नाही. इथे प्रकाशपट्टे कामाचे. पण अक्षराची खोली ०.३ मिलिमीटर आणि यंत्राची चूक ०.१७ असेल, तर वाचलेला प्रत्येक फाटा संशयित आहे. आणि प्रतिमा गुळगुळीत दिसावी म्हणून संगणकात जी चाळणी लावतात ती नेमकी याच खोलीच्या खुणा पुसते. दानलेखातला शकाचा एक अंक असा पुसला गेला तर मंदिराचा काळ बदलतो. म्हणून गुळगुळीत केलेले प्रतिरूप वाचनासाठी वापरू नये. कच्चे वाचन आणि त्याच्या चुकीचा नकाशा सोबत हवा.

दुसरे कंधार. राष्ट्रकूटांच्या या नगरीजवळ मानसपुरी येथे एका महाकाय मूर्तीचे भग्न अवयव आहेत. ती क्षेत्रपालाची मानतात, आणि उभी असताना पन्नास फुटांच्या घरात होती असे सांगितले जाते. तुकड्यांवरून पूर्ण उंची काढायची तर तालमान वापरावे लागते. बृहत्संहितेच्या हिशेबाने मूर्ती १०८ अंगुळांची आणि पाऊल १२ अंगुळांचे, म्हणजे उंची पावलाच्या नऊपट. पण सर्व परंपरांत पाऊल बाराच अंगुळांचे नसते. बृहत्संहितेतच मुखाच्या लांबीबाबत १२ अंगुळांशिवाय नग्नजिताचे १४ अंगुळांचे मत नोंदले आहे. पाऊल १४ चे धरले तर उंची पावणेआठपटीपेक्षाही थोडी कमी येते. समजा पाऊल सहा फुटांचे आहे. एका हिशेबाने मूर्ती ५४ फूट, दुसऱ्याने ४६. पाऊल दहाव्या मिलिमीटरपर्यंत मोजले तरी हा आठ फुटांचा फरक तसाच राहतो, कारण चूक मापात नाही, गृहीतकात आहे. इथे प्रकाशपट्ट्यांचे खरे काम उंची सांगणे नव्हे. तुटलेले पृष्ठ एकमेकांवर बसतात का, हे अवयव एकाच मूर्तीचे आहेत का, हे पाहणे त्यांचे काम आहे. टनांनी वजन असलेले दगड न हलवता ते पडद्यावर जुळवून पाहता येतील.

तिसरे खरोसा. औसा तालुक्यातली ही लेणी जांभ्यात कोरलेली आहेत. जेम्स बर्जेस यांनी त्यांची दखल १८७८ च्या बीदर-औरंगाबाद जिल्ह्यांवरच्या अहवालात घेतली. जांभा सच्छिद्र आणि ठिसूळ. प्रत्येक छिद्राच्या कडेवर कॅमेऱ्याच्या एका चौकोनात वरचा आणि आतला असे दोन पृष्ठभाग मिसळतात आणि मधल्या हवेत खोटे बिंदू तरंगतात. ते गाळावेच लागतात. इथे मूर्तीचे चेहरे बरेचसे गेलेले आहेत, तेव्हा शैलीचा प्रश्न मोजणीने सुटण्याची आशा कमी. पण झीज किती वेगाने होते हे कळण्यासाठी आजचे माप हवे. दहा वर्षांनी पुन्हा मोजून वजाबाकी करायची. त्या वजाबाकीत दोन्ही वेळच्या चुका मिसळतात. म्हणून आजच्या मोजणीची चूक लिहून ठेवली नसेल तर दहा वर्षांनंतरची वजाबाकी निरर्थक ठरेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने सुमारे दहा हजार माणसे नेली. दगडाची घडण क्षणात कोसळते हे या मुलखाला कोणी सांगायला नको. माणसांपुढे मूर्तींचा हिशेब दुय्यम, हे मान्यच. पण आज घेतलेली नोंद ही उद्या हरवणाऱ्या गोष्टीची एकमेव साक्ष असू शकते, हे भानही त्याच पहाटेने दिले आहे.

आणि शैलीचा मूळ प्रश्न? होट्टल आणि निलंगा यांच्यापुरते बोलायचे तर सुरसुंदरींच्या चेहऱ्यांपासून सुरुवात करणे चूक ठरेल. ते झिजलेले आणि हाताळलेले आहेत. सुरुवात अधिष्ठानाच्या थरांपासून करावी : खूर, कुंभ, कणी. तिथे शिल्पकाराला भाव दाखवायचा नसतो, त्यामुळे सवय उघडी पडते. कणीची धार किती अंशांनी उतरते, कुंभाचा फुगवटा मध्यावर आहे की वर सरकलेला, हे वक्र दोन्ही मंदिरांवर पन्नास-पन्नास ठिकाणी मोजले आणि एका मंदिरातल्या आपापसातल्या फरकापेक्षा दोन मंदिरांमधला फरक मोठा निघाला, तरच 'वेगळे हात' म्हणता येईल. तो तसा निघाला नाही तर 'एकाच परंपरेचे' एवढेच म्हणून थांबावे लागेल. हे थांबणे आपल्या समीक्षेला अवघड जाते.

तेव्हा मागणी छोटी आहे. मराठीत यापुढे एखाद्या शिल्पाचे त्रिमितीय प्रतिरूप प्रसिद्ध होईल तेव्हा त्याखाली चार ओळी असाव्यात : काय मोजले, दगड की थर, यंत्र कुठे आणि कशावर तपासले, चूक किती आणि कोणत्या भागात जास्त, कोणता भाग भरून काढला. कच्चे मोजमाप ज्या गावचे, त्या गावच्या ग्रामपंचायतीकडे आणि जवळच्या विद्यापीठाकडे एक प्रत राहावी. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, त्याचेच उपकेंद्र लातूरला आहे. दोन्ही जिल्ह्यांसाठी जागा शोधायला लांब जावे लागणार नाही. आणि शिल्पावर शब्दांत लिहिणाऱ्यांनी याच चार ओळी आपल्या लेखाला लावून पाहाव्यात. 'कमनीय' लिहिण्याआधी आपण दगड पाहिला की छायाचित्र, कोणत्या उजेडात, कशाशी ताडून, आणि कुठे आपणच रिकामी जागा भरली, एवढे सांगितले तरी पुष्कळ विशेषणे आपोआप गळतील. जी उरतील त्यांच्यावर विश्वास ठेवता येईल.